दहा सेकंदांचा साठा : टी-४ फाज ई. कोलायचे न्यूक्लिओटाइड कसे वळवतो, हे प्रयोगशाळेत कसं पाहावं

आधी हिशेब, मग पिपेट.

जोमात वाढणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत डीएनए बांधायला लागणारे चार डीऑक्सीन्यूक्लिओटाइड (डीएटीपी, डीजीटीपी, डीसीटीपी, डीटीटीपी) प्रत्येकी साधारण १०० ते २५० मायक्रोमोलर असतात. पेशीचं आकारमान १ फेम्टोलिटर धरलं, तर चारही मिळून ४ लाखांच्या आसपास रेणू झाले. टी-४ फाजचा (फाज म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू) जीनोम १,६८,९०३ बेसजोड्यांचा आहे, म्हणजे एका फाजला ३.३८ लाख न्यूक्लिओटाइड लागतात. पेशीतला आयता साठा जेमतेम एका फाजला पुरतो. तरीही ३७ अंशांवर, सकस माध्यमात, तीच पेशी अर्ध्या तासात फुटते आणि दीडशेच्या आसपास फाज बाहेर पडतात. त्यांना ५ कोटी न्यूक्लिओटाइड लागले. डीएनए बनण्याचा काळ २० मिनिटांचा धरला, तर सेकंदाला ४२ हजारांचा खप झाला. या वेगाने अख्खा साठा दहा सेकंदांत रिकामा होतो आणि पुन्हा भरतो.

पुढचं सगळं या दहा सेकंदांवर उभं आहे. संसर्ग झालेल्या पेशीत डीटीटीपी किती आहे, एवढंच मोजून ‘विषाणूने डीटीटीपी वाढवला’ असं लिहिणं म्हणजे टाकीची पातळी बघून नळाची धार सांगणं. साठा तेवढाच राहूनही ओघ दहापट झालेला असू शकतो. म्हणून खालचा प्रयोग तीन बाजूंनी रचला आहे. एक वाट अडवून फाजचं उत्पन्न मोजायचं, तयार फाजच्या डीएनएवर विषाणूची खूण शोधायची, आणि ज्यांच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटरची (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राची) सोय आहे त्यांनी साठा मोजायचा. पहिल्या दोन गोष्टी पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात होतात.

टी-४ का? एक तर माणसाला त्याच्यापासून धोका नाही. दुसरं, या विषयाची सुरुवातच तिथे झाली. १९५२ मध्ये वायट आणि कोहेन यांना टी-सम (टी-२, टी-४, टी-६) फाजांच्या डीएनएमध्ये सायटोसीनच्या जागी हायड्रॉक्सिमिथाइलसायटोसीन सापडलं. १९५७ मध्ये फ्लाक्स आणि कोहेन यांनी ते बनवणारं एन्झाइम संसर्ग झालेल्या पेशीत दाखवलं. संसर्गाआधी पेशीत जे एन्झाइम नव्हतंच, ते विषाणू आल्यावर काही मिनिटांत तिथे होतं. विषाणू पेशीच्या चयापचयात नवी पायरी घालतो, याचा तो पहिला ठोस पुरावा होता.

फाज नेमकं काय करतो

टी-४ ला न्यूक्लिओटाइड दोन ठिकाणांहून मिळतात. पहिलं ठिकाण म्हणजे यजमानाचा, म्हणजे ई. कोलायचा, स्वतःचा डीएनए. एंडोन्यूक्लिएज-२ (जनुक डेन-ए) त्याचे तुकडे करतं, जनुक ४६ आणि ४७ चं न्यूक्लिएज ते कुरतडत सुटे न्यूक्लिओटाइड करतं. ई. कोलायचा जीनोम ४६ लाख बेसजोड्यांचा, म्हणून लांबीने भागलं तर एका प्रतीतून २७ फाज निघायला हवेत. पण इथे एक गोम आहे. टी-४ च्या डीएनएमध्ये एटी जोड्या ६५ टक्के, ई. कोलायमध्ये ४९ टक्के. थायमिन आधी संपतं. थायमिनने भागा: २२.७ लाख भागिले १.१ लाख, म्हणजे वीसेक फाज. हा विसाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उरलेलं सगळं नव्याने बनवावं लागतं, आणि त्यासाठी फाज स्वतःची एन्झाइमं आणतो. रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज (एनआरडी-ए, एनआरडी-बी) हे त्यातलं मोठं; ते रायबोन्यूक्लिओटाइडांपासून डीऑक्सी रूप बनवतं. ई. कोलायचं रिडक्टेज डीएटीपी वाढला की मंदावतं. फाजचं या इशाऱ्याला दाद देत नाही. शिवाय थायमिडिलेट सिंथेज, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, डीसीएमपी डीअमिनेज, थायमिडीन कायनेज (कायनेज म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम) ही सगळी त्याची स्वतःची. शेवटचा फॉस्फेट लावायचं काम मात्र त्याने यजमानाच्याच एन्झाइमवर सोडलं आहे. तिथे कमतरता नाही, मग खर्च कशाला?

आता सायटोसीन. जनुक ५६ चं एन्झाइम डीसीटीपीचं डीसीएमपी करतं (तीनऐवजी एकच फॉस्फेट उरतो), जनुक ४२ चं त्याला हायड्रॉक्सिमिथाइल गट लावतं, जनुक १ चं कायनेज फॉस्फेट लावून ते पुन्हा वर चढवतं, आणि डीएनए बनल्यावर त्या गटावर ग्लुकोज चढतो. या खटाटोपाचं कारण रोकडं आहे. साधं सायटोसीन असलेला डीएनए फाजची न्यूक्लिएजं कापतात आणि ‘एएलसी’ हे प्रथिन त्यावरचं आरएनए बनणं थांबवतं. एवढ्या एका खुणेवर फाज आपलं आणि परकं ओळखतो. त्यामुळे डीसीटीपी शिल्लक राहणं त्याला परवडत नाही.

जमवाजमव

यजमान म्हणून ई. कोलाय बी, फाज म्हणून टी-४डी वन्य (उत्परिवर्तन नसलेला) प्रकार. यजमानासाठी पुण्यातच एनसीएलचा (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा) औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रह आणि नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहेत. त्यांच्या यादीत चौकशी करा. फाज मान्यताप्राप्त संग्रहातून किंवा त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतून, नोंदीसह घ्या. मुळा-मुठेच्या पाण्यातून ई. कोलायचे फाज सहज मिळतात, पण ते टी-४ समजून या प्रयोगात वापरू नका. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या डीएनएमध्ये साधंच सायटोसीन असतं आणि खालचा निम्मा हिशेब लागू होत नाही.

माध्यमात सगळ्यात जास्त प्रयोग बुडतात, म्हणून इथे जरा थांबू. साठवणीचा फाज वाढवायला आणि प्लेटना एलबी हे सकस माध्यम चालतं. प्रत्यक्ष प्रयोगाला एलबी चालत नाही, कारण त्यातल्या यीस्ट अर्कात न्यूक्लिओसाइड (फॉस्फेट नसलेले न्यूक्लिओटाइड; थायमिडीन त्यातलंच) असतात. तुम्ही थायमिडीनची वाट अडवता आणि माध्यम मागच्या दाराने थायमिडीन पुरवत राहतं. एम-९ हे ठरावीक क्षारांचं साधं माध्यम घ्या. एक लिटरला निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३ ग्रॅम, मीठ ०.५ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड १ ग्रॅम. ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर मॅग्नेशियम सल्फेट १ मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड ०.१ मिलिमोलर, ग्लुकोज ०.४ टक्के आणि कॅसअमिनो आम्ल ०.२ टक्के. कॅल्शियम आधीच घातलं तर फॉस्फेटबरोबर पांढरा साका बसतो.

कॅसअमिनो आम्ल म्हणजे केसिनचं आम्लाने केलेलं विघटन, आणि त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं. काही टी-४ प्रकारांना, विशेषतः टी-४बी ला, पेशीला चिकटायलाच ट्रिप्टोफॅन लागतं. टी-४डी ला लागत नाही. पण हातातल्या कुपीवर नुसतं ‘टी-४’ लिहिलेलं असेल तर मिलीमागे २० मायक्रोग्रॅम एल-ट्रिप्टोफॅन घालून मोकळे व्हा. ‘एलबीमध्ये चालतं, एम-९ मध्ये संसर्गच होत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

ऑटोक्लेव्हबद्दल एक स्थानिक गोष्ट. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. काट्यावर १५ पौंड दाखवलं तरी आतलं तापमान १२१ अंशांना किंचित कमी पडतं. १६ पौंडांवर चालवा, किंवा तापमापकावर विश्वास ठेवा, काट्यावर नको.

फाजचा साठा धुऊन घेणं

यजमान फोडून मिळालेल्या कच्च्या लायसेटमध्ये फाजबरोबर फुटलेल्या हजारो कोटी पेशींचे न्यूक्लिओसाइड, डीएनएचे तुकडे आणि एलबी असतं. ते तसंच ओतलं तर एम-९ वापरून काय उपयोग? लायसेट ८,००० जी ला (जी म्हणजे गुरुत्वाच्या पट) १० मिनिटं फिरवून कचरा काढा. वरच्या द्रावणात डीएनएज-१ आणि आरएनएज घालून अर्धा तास ठेवा. मग ४ अंशांवर २०,००० जी ला सव्वा ते दीड तास. तळाशी बसलेल्या फाजवर एसएम बफर (मीठ १०० मिलिमोलर, मॅग्नेशियम सल्फेट ८ मिलिमोलर, ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ७.५) ओतून रात्रभर थंडीत नुसतं ठेवा. सकाळी नळी हलकेच फिरवली की गोळी सुटते. घाईने पिपेटने घुसळली तर शेपट्या तुटतात आणि मोजणी निम्म्यावर येते. शेवटी मिलीला १०,००० कोटींच्या आसपास प्लाक (फाजने यजमान मारून प्लेटवर पाडलेले स्वच्छ ठिपके) देणारा साठा हाती असावा.

प्लाक मोजायला खाली १.५ टक्के अगार, वर ०.६ टक्क्यांचं ३ मिली मऊ अगार ४६-४७ अंशांवर, त्यात २०० मायक्रोलिटर ताजा यजमान आणि १०० मायक्रोलिटर विरळ केलेला फाज. ३० ते ३०० प्लाकवाल्या प्लेटच मोजा. डिसेंबरच्या सकाळी प्लेट फ्रिजमधून थेट घेतल्या तर मऊ अगार पसरायच्या आत गोठतं. आधी ३७ अंशांना अर्धा तास ठेवा. जुलैत उलट त्रास असतो. हवेतल्या दमटपणामुळे प्लेट वाळत नाहीत आणि प्लाक एकमेकांत पाझरतात. हूडमध्ये झाकण उघडून २० मिनिटं ठेवल्या की काम भागतं.

आणि शेजाऱ्यांची काळजी घ्या. टी-४ माणसाला काही करत नाही, पण मजल्यावरच्या प्रत्येक क्लोनिंग करणाऱ्याचं कल्चर बुडवू शकतो. पिपेट वेगळी ठेवा, टिप फिल्टरवाल्या वापरा, फ्लास्क ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बेसिनमध्ये ओतू नका, ओटा ब्लीचने पुसा. सामाईक शेकर वापरत असाल तर फ्लास्क मोठा आणि द्रव कमी. शिंतोडे झाकणापर्यंत जाता कामा नयेत.

थायमिनची वाट अडवणं

ई. कोलायकडे थायमिडीन कायनेज आहे. डीऑक्सीसायटिडीनसाठी कायनेज नाही. म्हणजे बाहेरून दिलेलं थायमिडीन सरळ डीटीएमपी (डीटीटीपीचं एक फॉस्फेटवालं रूप) होऊ शकतं, डीऑक्सीसायटिडीन तसं होत नाही. एखादी वाट अडवून, पलीकडचा पदार्थ देऊन पेशीला सोडवणं या जिवाणूत थायमिनच्याच बाबतीत सोपं आहे, म्हणून हीच वाट निवडली.

अडवण्यासाठी ५-फ्लुओरोडीऑक्सियुरिडीन, मिलीला २० मायक्रोग्रॅम. पेशीत गेल्यावर त्याचा मोनोफॉस्फेट थायमिडिलेट सिंथेजला (डीटीएमपी नव्याने बनवणाऱ्या एन्झाइमला) घट्ट बसतो, यजमानाच्याही आणि फाजच्याही. पण त्यातला काही भाग तुटून फ्लुओरोयुरॅसिल बनतं आणि ते आरएनएमध्ये शिरून वेगळाच गोंधळ घालतं. ते टाळायला युरिडीन मिलीला २० मायक्रोग्रॅम बरोबर द्यायचंच. हे औषध पेशींना मारक आहे. हातमोजे घाला, उरलेलं पिवळ्या पिशवीत.

पाच फ्लास्क लावा, प्रत्येकी १०० मिलीचा, आत १० मिली कल्चर:
१. नुसतं
२. युरिडीन
३. युरिडीन आणि थायमिडीन
४. युरिडीन आणि औषध
५. युरिडीन, औषध आणि नंतर थायमिडीन (मिलीला ४० मायक्रोग्रॅम)

३७ अंश, २०० फेरे. ६०० नॅनोमीटरला गढूळपणाचं ०.४ वाचन आलं की मिलीला सुमारे ३० कोटी पेशी असतात. पण प्रत्येक यंत्राचं वाचन निराळं, म्हणून एकदा तरी वसाहती मोजून आपल्या यंत्राचा आकडा बसवा. औषध आणि युरिडीन फाजच्या ५ मिनिटं आधी. पाचव्या फ्लास्कमध्ये थायमिडीन औषधानंतर ३ मिनिटांनी, फाजच्या आधी. क्रम महत्त्वाचा आहे. औषध आणि थायमिडीन दोघांनाही तेच कायनेज लागतं. एकदम दिलं तर थायमिडीन कायनेजची जागा अडवतं, औषधाचा मोनोफॉस्फेट बनतच नाही, आणि पाचवा फ्लास्क झकास सुटलेला दिसतो. ती सुटका खोटी. वाट अडलीच नव्हती.

मग फाज, पेशीमागे ५. १० मिलीत ३०० कोटी पेशी, म्हणून १,५०० कोटी फाज, म्हणजे वरच्या साठ्यातले ०.१५ मिली. पेशीमागे ५ घातले तरी सगळ्या पेशींना फाज मिळत नाही. यदृच्छेच्या गणिताने ०.७ टक्के कोऱ्या राहतात. पाचव्या मिनिटाला थोडं कल्चर झटकन दहा हजारपट विरळ करून वसाहतींसाठी पसरा. जिवंत पेशी २ टक्क्यांहून जास्त निघाल्या तर त्या दिवसाचे आकडे टाकून द्या; चिकटण्यातच गडबड आहे.

नमुने ५, २०, ३०, ४० आणि ६० मिनिटांना. ०.१ मिली कल्चर ९.९ मिली थंड एसएममध्ये, वर क्लोरोफॉर्मचे पाचसहा थेंब, जोरात हलवा. पेशी फुटतात, टी-४ ला क्लोरोफॉर्मने काही होत नाही, आत तयार असलेला फाजही मोजणीत येतो. नळ्या काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या हव्यात. पॉलिस्टायरिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. पिपेट तळाला नेऊ नका, तिथला थेंब प्लेटवर गेला तर यजमानच मरतो आणि गोल टक्कल पडतं, ते प्लाक नव्हे. ५ व्या मिनिटाच्या नमुन्याला दहा हजार ते लाखपट विरळ करणं पुरतं, ६० व्या मिनिटाच्या नमुन्याला एक ते दहा कोटीपट लागतं.

५ व्या मिनिटाला पेशीत नवा फाज तयार झालेला नसतो, त्यामुळे तेव्हाची मोजणी म्हणजे न चिकटलेले फाज. ६० च्या आकड्यातून ५ चा वजा करून संसर्ग झालेल्या पेशींनी भागा. हे पेशीमागचं उत्पन्न.

पेशी फुटून कल्चर निवळण्याची वाट बघू नका. वन्य टी-४ ला शेजारच्या फाजची चाहूल लागली की तो फुटणं लांबवतो. गर्दीच्या कल्चरमध्ये तासभर वाचन पडतच नाही. क्लोरोफॉर्म याचसाठी आहे.

आकडे वाचणं

२ आणि ३ हे १ च्या जवळ असायला हवेत. नसतील तर पुढचं काही बोलू नका. ४ मध्ये उत्पन्न पडेल, पण शून्य होणार नाही, आणि झालं नाही म्हणून औषध बदलू नका. तो वीसचा आकडा इथे येतो. थायमिनचं नवं उत्पादन पूर्ण बंद असलं तरी यजमानाच्या डीएनएतलं थायमिन फाजला मिळतंच. पेशी लवकर वाढत असेल तर तिच्यात जीनोमच्या एकाहून जास्त प्रती असतात. दोन असतील तर ही मर्यादा चाळीस. म्हणून ४ मधलं उत्पन्न या मर्यादेच्या आत आहे का, हे बघायचं. बरंच वर असेल तर वाट पूर्ण अडलेली नाही: औषध जुनं, किंवा माध्यमात थायमिडीन, किंवा न धुतलेला फाज. ५ मध्ये उत्पन्न ३ च्या दिशेने परत आलं, तर ४ मधली घट थायमिनमुळेच होती असं म्हणता येतं. फ्लास्क ५ शिवाय ४ चा अर्थ एवढाच की औषध कशाने तरी फाजला जड गेलं.

यजमानाच्या डीएनएचा वाटा वेगळा काढायचा असेल तर हायड्रॉक्सियुरिया. ते रिडक्टेज अडवतं, म्हणजे रायबोकडून डीऑक्सीकडे जाणारा मुख्य रस्ताच बंद. वन्य टी-४ तरीही प्लाक देतो, कारण त्याच्याकडे यजमानाचा डीएनए आहे. डेन-ए बिघडलेला फाज मात्र हायड्रॉक्सियुरियाच्या प्लेटवर अडखळतो. असे उत्परिवर्ती फाज मुळात याच युक्तीने हुडकले गेले. ५, १०, २० आणि ४० मिलिमोलरच्या प्लेट करा, दोन्ही फाज शेजारी शेजारी. द्रावण त्याच दिवशी बनवा (१ मोलर म्हणजे मिलीला ७६ मिलिग्रॅम) आणि अगार ५० अंशांखाली उतरल्यावरच मिसळा. गरम अगारमध्ये घातलेलं हायड्रॉक्सियुरिया विघटित होतं, मग सगळ्या प्लेट सारख्याच दिसतात.

डीएनएवरची खूण

याला जेल आणि डीएनए ठरावीक खुणेवर कापणारी चार एन्झाइमं पुरतात. धुतलेल्या फाजमधून एसडीएस, प्रोटिनेज-के आणि फिनॉल-क्लोरोफॉर्मने डीएनए काढा; टिपचं टोक कापून रुंद करा, लांब डीएनए अरुंद टोकातून तुटतो. प्रत्येकी १ मायक्रोग्रॅम घेऊन इकोआर-१, हिंड-३, एसएसपी-१ आणि ड्रा-१ लावा, रात्रभर, मग ०.८ टक्के अगारोज. पहिल्या दोन एन्झाइमांच्या ओळखखुणेत सायटोसीन आहे, आणि टी-४ मध्ये त्या जागी ग्लुकोज चढलेलं हायड्रॉक्सिमिथाइलसायटोसीन. ती कापत नाहीत. एसएसपी-१ (एएटीएटीटी) आणि ड्रा-१ (टीटीटीएएए) यांच्या खुणेत सायटोसीन नाहीच, ती कापतात.

‘कापलं नाही’ हा निकाल नेहमी संशयाने बघावा. उरलेलं फिनॉलसुद्धा एन्झाइम बंद पाडतं. म्हणून एका नळीत टी-४ आणि लॅम्डा (साधं सायटोसीन असलेला दुसरा फाज) यांचे डीएनए एकत्र घालून इकोआर-१ लावा. लॅम्डाचे ६ तुकडे दिसले आणि टी-४ वर अखंड राहिला, तर एन्झाइम चालू होतं आणि खूण खरी.

साठा मोजणं

दहा सेकंदांत साठा उलटतो, तर नमुना त्याहून लवकर गोठवायला हवा. कल्चर बर्फावर ठेवून सेंट्रिफ्यूज करणं इथे बाद. पाच मिनिटांत आतलं सगळं बदललेलं असतं. थंड मिठाच्या पाण्याने धुणंही नको. ५ मिली कल्चर व्हॅक्यूमवर ०.४५ मायक्रॉनच्या नायलॉन फिल्टरमधून ओढा आणि फिल्टर लगेच पालथा करून पेट्री डिशमधल्या उणे २० अंशांच्या १.५ मिली द्रावणात ठेवा: असिटोनायट्राइल, मेथॅनॉल, पाणी ४०:४०:२०, त्यात ०.१ मोलर फॉर्मिक आम्ल. आम्ल एन्झाइमं मारतं. नुसत्या मेथॅनॉलमध्ये एटीपी तुटत राहतो. १५ मिनिटांनी अमोनियम बायकार्बोनेटने उदासीन करा, ४ अंशांवर फिरवा, वरचं द्रावण उणे ८० ला. दोघं लागतात, एक ओतायला आणि एक घड्याळाला. आधी पाण्यावर चारपाच वेळा रंगीत तालीम करा.

नमुना नीट गोठला का, हे एटीपीच सांगतो. एटीपी अधिक निम्मा एडीपी, भागिले एटीपी, एडीपी आणि एएमपी या तिघांची बेरीज. वाढत्या पेशीत हे ०.८ च्या वर असायला हवं. खाली आलं तर डीऑक्सीचे आकडे बघूही नका.

मास स्पेक्ट्रोमीटरवरचा सापळा असा: एटीपी आणि डीजीटीपी यांचं रेणुसूत्र एकच आहे. वस्तुमान तंतोतंत सारखं, आणि एटीपी कित्येक पट जास्त. कितीही बारीक वस्तुमान मोजणारं यंत्र असलं तरी ते दोघांना वेगळं करत नाही. धन आयनांमध्ये ५०८ चा तुकडा १३६ झाला तर एटीपी, १५२ झाला तर डीजीटीपी. शिवाय क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभावर दोघांची वेळ वेगळी हवी. दुसरा उपाय पेरिआयोडेटचा. ते रायबोजमधल्या शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिलांमधला कार्बनचा बंध तोडतं, डीऑक्सीरायबोजला हात लावत नाही, त्यामुळे रायबोन्यूक्लिओटाइड नाहीसे होतात. हायड्रॉक्सिमिथाइल-डीसीटीपी ४९८ वर शोधा, तुकडा १४२. डीसीटीपीपेक्षा ३० ने जास्त.

किरणोत्सारी पॉलिमरेज चाचणीने साठा मोजायची जुनी पद्धत इथे फसवते. पॉलिमरेजला डीसीटीपी आणि त्याचं हायड्रॉक्सिमिथाइल रूप दोन्ही चालतात, त्यामुळे डीसीटीपी संपलेला असतानाही चाचणी ‘आहे’ म्हणते.

आयन-जोडीसाठी (न्यूक्लिओटाइड स्तंभावर धरून ठेवायला) ट्रायब्युटिलअमाइन वापरणार असाल तर यंत्र सांभाळणाऱ्याला आधी विचारा. ते नळ्यांमध्ये आठवडेच्या आठवडे रेंगाळतं आणि पुढच्याचे धन आयन बुडवतं. बऱ्याच सामाईक सुविधांमध्ये त्याला साफ नकार मिळतो. त्याऐवजी हिलिक (जलस्नेही) स्तंभ घ्या. नमुने शिवाजीनगरहून पाषाणला न्यायचे असतील तर कोरड्या बर्फात, भरपूर. विद्यापीठ चौकात संध्याकाळी सहाला साधा बर्फ टिकत नाही.

०, २, ५, १०, १५, २० मिनिटांचे नमुने घ्या आणि भागाकार ० मिनिटाच्या पेशींच्या संख्येने करा. संसर्गानंतर पेशींची संख्या वाढत नाही, पण वाचन थोडं वाढत राहतं. डीसीटीपी घसरतो आणि ४९८ ची रेघ वर येते, हे दिसलं की साठ्याचं काम झालं. ओघ हवा असेल तर कॅसअमिनो आम्ल वगळा, फाजबरोबर नायट्रोजन-१५ चं अमोनियम क्लोराइड द्या आणि तयार फाजचा डीएनए न्यूक्लिओसाइडपर्यंत तोडून त्यातला जड आणि हलका वाटा मोजा. जड तो संसर्गानंतर बनलेला, हलका तो आधीचा. हलक्यात यजमानाच्या डीएनएबरोबर आधीच्या रायबोन्यूक्लिओटाइडांचाही भाग असतो, तो सरसकट ‘यजमानाच्या डीएनएतून’ म्हणून लिहू नका.

प्राण्यांच्या पेशींकडे वळताना

मोठे डीएनए विषाणू टी-४ सारखेच वागतात. हर्पिस सिम्प्लेक्स स्वतःचं थायमिडीन कायनेज, रिडक्टेज आणि डीयुटीपेज (डीयुटीपी मोडणारं एन्झाइम) आणतो. सायटोमेगॅलोव्हायरसकडे मात्र चालतं रिडक्टेज नाही. तो यजमानाला डीएनए बनवण्याच्या अवस्थेकडे ढकलतो, आणि त्याचं यूएल-९७ कायनेज सॅमएचडी-१ ला फॉस्फेट लावून निकामी करतं. सॅमएचडी-१ हे पेशीचं डीऑक्सीन्यूक्लिओटाइड मोडणारं एन्झाइम. एचआयव्ही-२ ते व्हीपीएक्स प्रथिनाकरवी थेट मोडीत काढतो.

डेंगी आणि चिकुनगुन्या आरएनए विषाणू आहेत, त्यांना रायबोन्यूक्लिओटाइड लागतात. तिथे डायहायड्रोओरोटेट डीहायड्रोजनेज (युरिडीनच्या वाटेवरचं एन्झाइम) ब्रेक्विनार या औषधाने अडवून युरिडीन ५० ते १०० मायक्रोमोलर देऊन सोडवणं, हा पाच फ्लास्कांचाच भाऊ. जिवंत विषाणूचं काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि योग्य पातळीची प्रयोगशाळा असेल तरच. पेशी पुण्यातच एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशीसंग्रहातून मिळतात. एलबीच्या यीस्ट अर्काची जागा इथे सीरम घेतं: गायीच्या गर्भाच्या सीरममध्ये युरिडीन असतं आणि ते ब्रेक्विनारचा परिणाम झाकतं. डायलाइझ केलेलं (लहान रेणू काढून टाकलेलं) सीरम वापरा, प्रयोगाच्या आदल्या दिवसापासून. आणि विषाणूशिवायच्या पेशींवर तेच औषध, तेवढेच तास, लावून जिवंतपणा मोजा. पेशीच मेल्या तर विषाणू कमी होणारच.